स्पायरल हेड प्लेनरच्या टिपा बदलायच्यात, नेमक्या कुठल्या घेऊ?

अनगोळचा_रंधा:
नमस्कार मंडळी. सोळा इंची थिकनेस प्लेनर, म्हणजे फळी एका जाडीला रंधून काढणारं मशीन, घेतलाय, सेकंडहँड, स्पायरल हेडवाला, म्हणजे लांब पात्या नाहीत, कार्बाइडच्या चौकोनी टिपा हेडवर, म्हणजे फिरत्या रुळावर, वळत वळत गेलेल्या, सत्तरच्या वर असतील. मशीन झकास हाय, आवाज कमी, आणि उलट्या रगीचं, म्हणजे रेषा उलट्या फिरलेलं, सागवान घातलं तरी आधीच्या तीन पातीवाल्यासारखं उचकटत नाही. पण फळी बाहेर आली की उजव्या अंगाला दोन रेघा येतात लांबच लांब, बोटाला लागतात, आणि बाकीचं फिनिशपण आता केसाळ येऊलालंय. पॉलिशवाला रोज शिव्या घालतो.
म्हणून अख्खा सेट बदलावा म्हणतो. दुकानात विचारलं तर मालक म्हणाला "एल्ला ओंदे री", म्हणजे सगळं एकच हो, पंधराचं माप ना, देतो की. ऑनलाइन बघितलं तर पंधरा बाय पंधरा बाय अडीच मिलिमीटरमध्येच कुठं आर १०० लिहिलंय, कुठं आर १५०, कुठं सरळ धार, कुठं ३० अंश, कुठं ३७, आणि भावात जमीन अस्मानाचा फरक. बेळगावच्या उद्यमबागेतला एक ओळखीचा सीएनसीवाला म्हणतोय लेथच्या इन्सर्टमधलं, म्हणजे धातू कापायच्या टिपांमधलं, काहीतरी बसवून बघू. मशीनबरोबर मॅन्युअल मिळालेलं नाही. दिवाळीच्या आत दोन घरांचे दरवाजे द्यायचेत, लवकर सांगा कोणीतरी.

खानापूर_लाकूडवाला:
थांब भावा, एवढ्यात पैसे काढू नको. एका टिपेला चार धारा असतात, एक गेली की स्क्रू ढिला करून नव्वद अंशात फिरवायची, हे जुन्या मालकानं किती वेळा केलंय ते आधी बघ. बऱ्याच टिपांच्या कोपऱ्यात बारीक आकडा नाहीतर ठिपका कोरलेला असतो. सगळ्यांचा ठिपका एकाच दिशेला दिसला तर एकतर कोणी हात लावलेला नाही नाहीतर शिस्तीत फिरवलंय, आणि ठिपके चहूकडं तोंड करून असले तर मग एकेक टीप काढून चारी धारा बघण्याशिवाय इलाज नाही. नखावर हलकी ओढायची, ताजी धार नखाचा कीस काढते, गेलेली नुसती घसरते.
रेघांचं प्रकरण वेगळं. रेघ फळीवर उभी राहिलीय का आत खाच पडलीय ते आधी ठरव. उभी असेल तर त्या जागच्या टिपेची खपली उडालीय, ती तेवढं लाकूड सोडून जाते. खाच असेल तर टीप वर उचललीय, आणि दहातल्या नऊ वेळेला खाली भुसा अडकलेला असतो. फळी टेबलाच्या एका कडेला टेकवून काढ, फळीच्या त्या कडेपासून रेघेपर्यंत अंतर मोज, टेबलाच्या त्याच कडेपासून हेडवर तेवढंच घे, त्या पट्ट्यात येणाऱ्या टिपा तपास, सगळं हेड उचकायची गरज नाही. पण हात घालायच्या आधी प्लग काढ, थ्री फेज असेल तर आयसोलेटर पाडून फ्यूज खिशात घाल. हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाइट गेलीय म्हणून लोक हेडात बोटं घालतात आणि लाइट काय विचारून येत नाही.
काढताना एक काढ, साफ कर, बसव, मग दुसरी. स्क्रूच्या डोक्यातल्या स्टारच्या खड्ड्यात भुसा इतका घट्ट बसलेला असतो की दिसतपण नाही, तो टोच्यानं कोरून काढायचा आणि मगच की घालायची, नाहीतर की अर्धीच बसते, स्टार गोल होतो आणि मग ड्रिल घेऊन बस. सागवानाचं तेल आणि भुसा मिळून टिपेखाली काळा थर चढतो, तो थिनर आणि पितळी ब्रशनं घालव, वरून हवा मार. स्क्रूचं निमुळतं डोकं आणि टिपेची मागची बाजूपण पूस, तिथला कण सगळ्यांच्या नजरेतून सुटतो.

उद्यमबाग_व्हर्नियर:
काकांचं बरोबर आहे, आधी साफ करूनच बघ. मी मापाचं आणि लेथच्या इन्सर्टचं बोलतो कारण आमचा धंदाच तो.
लेथवाल्या मित्राचा जीव चांगला असेल पण त्याच्या नादाला लागू नको. लोखंड कापायच्या इन्सर्टची धार मुद्दाम किंचित बोथट केलेली असते, वर कोटिंग, त्याशिवाय कीस तोडणाऱ्या चिप ब्रेकरचं नक्षीकाम, कारण तिला लोखंडाचा मार खायचा असतो. लाकडाला धार एकदम कोरी लागते, बारीक दाण्याचं साधं टंगस्टन कार्बाइड कोबाल्टमध्ये बांधलेलं, घासून चकचकीत केलेलं. ते दुसऱ्या कामाला जात नाही आणि दुसरं ह्या कामाला येत नाही.
आता आर काय ते. हेडवर टिपा आसाला, म्हणजे हेड जिच्याभोवती फिरतं त्या मधल्या रेघेला, तिरक्या बसवल्यात का सरळ, हे बघ. तिरक्या असतील तर धार लाकडाला एकदम ठोकत नाही, एका टोकाकडनं कापत जाते, तुझं सागवान उचकटत नाही ते त्यामुळंच. पण गोल हेडवर सरळ धार तिरकी बसवली तर तिचे दोन कोपरे मधल्या भागापेक्षा बाहेर येतात आणि लाकडात ओरखडे काढतात, म्हणून तसल्या हेडच्या टिपेची धार मध्ये किंचित फुगीर घासलेली असते. आर १५० म्हणजे दीडशे मिलिमीटर त्रिज्येची कमान. हिशोब केला तर पंधराच्या टिपेला मध्यभाग कोपऱ्यांपेक्षा ०.१९ मिलिमीटर पुढं येतो, आर १०० ला ०.२८. डोळ्याला दिसत नाही पण फळीवर दिसतं. तिरक्या हेडात सरळ धारवाली टीप घातलीस तर रेघा, आणि ज्या हेडात टिपा आसाला समांतर आहेत तिथं फुगीर घातलीस तर सगळी फळी लाटालाटांची. मग दुकानदार म्हणणार लाकूडच ओलं होतं.
घरी कसं ओळखायचं, दोन टिपा धारेला धार लावून उजेडासमोर धर. मध्ये टेकल्या आणि दोन्ही टोकांना उजेड दिसला तर फुगीर, कारण दोघांची फट मिळून दुप्पट दिसते. सरळ असतील तर उजेडच दिसणार नाही. कुठला आर आहे ते मात्र डोळ्यानं सांगता येत नाही, त्याला प्रोफाइल प्रोजेक्टर, म्हणजे धारेची सावली मोठी करून दाखवणारं यंत्र, लागतो, आमच्या भागात बऱ्याच टूल रूमात असतो, एक टीप घेऊन जा, पाच मिनिटांचं काम. जाडी व्हर्नियरनं घे, अंदाजानं नको, कारण दोनची आणि अडीचची एकाच हेडात मिसळली तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक थेट फळीवर येणार. बाजूच्या उताराचा कोनपण तिथंच मोजून घे. कोन चुकला की ज्या हेडात टीप मागच्या खांद्याला टेकते तिथं ती नीट टेकत नाही, सगळा भार स्क्रूवर येतो. भोकाचं माप आणि स्क्रूचं माप हे दोन लोक मोजायचं विसरतात.

निपाणी_जुनंलाकूड:
मी जरा उलटं बोलतो, रागावू नका. मला ह्या टिपांचं कौतुक कळत नाही. तीन स्टीलच्या पात्या असल्या की धारवाला गावात आहे, सकाळी देऊन संध्याकाळी धार, परत परत लावता येते. इथं सत्तर टिपांचा सेट म्हणजे मोठा खर्च आणि धार गेली की कचरा. माझं काम वाड्याचे खांब, तुळया, त्यात खिळे निघणारच, एक खिळा आणि सेटची वाट.

खानापूर_लाकूडवाला:
निपाणीकर, खर्चाचा मुद्दा मान्य, पण खिळ्याचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो की ओ. पातीला खिळा लागला तर तिन्ही पात्यांना खाच पडते आणि तिन्ही परत घासाव्या लागतात. इथं खिळ्यासमोर आलेल्या दोन चार टिपांचा कोपरा जातो, त्या फिरवल्या की काम चालू. तुमच्या कामाला मेटल डिटेक्टर लागतो, हेड कुठलंही असू दे. आणि सागवानात सिलिका असते, स्टीलची धार ती किती लवकर खाते हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्याकडं तर ओंडका जंगलातनं फरपटत आणतात, सालीत वाळू भरलेली, त्यामुळं साल काढून ब्रश मारल्याशिवाय मी फळी प्लेनरला लावूच देत नाही पोरांना.
वर्षाला थोडंच लाकूड काढणाऱ्याला पात्या बऱ्या, हे मात्र मीपण सांगतो.

अनगोळचा_रंधा:
काका, व्हर्नियरभाऊ, लई उपकार. सांगितल्यासारखं केलं. एक रेघ खाच होती, दुसरी उभी. खाचेच्या जागची टीप काढली तर खाली काळी पोळी धरलेली, ती खरवडली, परत बसवली, रेघ गेली. उभ्या रेघेच्या टिपेचा एक तुकडाच नाही. माप पंधरा, पंधरा, अडीच, धारेला धार लावली तर दोन्ही टोकांना उजेड येतो, म्हणजे फुगीर. टूल रूमात आर १५० आणि ३० अंश निघाला. बहुतेक टिपांच्या दोन धारा अजून कोऱ्या दिसतात.
आता प्रश्न असा की खपली उडालेली तेवढीच फिरवू का सगळ्या फिरवू? आणि स्क्रूला लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावायचं का, मशीनच्या हादऱ्यानं सुटला तर काय करायचं ही भीती वाटते.

उद्यमबाग_व्हर्नियर:
फिनिश केसाळ येतंय म्हटलास ना, मग सगळ्याच फिरव, एकाच दिशेला, आणि फिरवलेल्या बाजूला मार्करचा ठिपका दे. एरवी एकाच टिपेला मार लागला तर तेवढीच फिरवतात, आजूबाजूच्या थोड्या झिजलेल्या असल्या तरी सहसा कळत नाही.
लॉकटाइट नको आणि तेलपण नको. स्क्रू घर्षणावर आणि नीट बसलेल्या टिपेवर धरतो, आणि पुढच्या वेळी तुलाच तो काढायचाय. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानंच पिळणारा पाना, घे, हातानं पिळू नको. असल्या हेडना साधारण साडेपाच ते सहा न्यूटन मीटर सांगतात, तुझ्या हेडच्या कंपनीचा आकडा मिळाला तर तो धर. जास्त पिळला तर कार्बाइड भोकापासून तडकतं, बसवताना दिसत नाही, मशीन चालू झाल्यावर तुकडा उडतो. थोडं काम झाल्यावर परत एकदा सगळे तपास, आणि टिपा बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना समोर उभं राहू नको.
सेट न घेता दहाचा एक डबा घे, वर थोडे जास्तीचे स्क्रू, कारण डोकं गोल झालेले स्क्रूच जास्त निघतात. आर १५०, ३० अंश हे दुकानदाराकडनं बिलावर लिहून घे, मग एल्ला ओंदे म्हणू दे त्याला. आणि चारी धारा संपलेल्या टिपा फेकू नको, कार्बाइडचा भंगार वेगळ्या भावानं जातो, आमच्या इथले भंगारवाले किलोवर घेतात.

खडेबाजार_हार्डवेअर:
मधेच बोलतो, दुकानदार म्हणूनच. एल्ला ओंदे म्हणणारे खरंच आहेत, पण गिऱ्हाईक येतं ते "चौकोनी टीप द्या" एवढंच म्हणून, त्याला तरी काय म्हणायचं. जुनी टीप बरोबर आणा, एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

मच्छे_फर्निचर:
मलाबी एक डबा पाहिजे, दोघं मिळून मागवू का? माझं हेड १४, १४, २ चं आहे.

अनगोळचा_रंधा:
मागवूया की, पण डबे वेगळे आणि नावं टाकून, माझ्या पोरांच्या हातात दोन्ही एका टेबलावर आले तर संपलं. तुमची धार सरळ आहे का फुगीर ते उजेडावर धरून आज रात्री कळवा, मी उद्या सकाळी ऑर्डर टाकतो.