मॅडिसन काउंटीतले छपराचे पूल: एका दिवसात किती होतील?

रानवारा, कोथरूड
सप्टेंबरअखेर अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डी मॉइनला मुक्काम आहे, त्यातला एक दिवस जवळच्या मॅडिसन काउंटीतले जुने छपराचे लाकडी पूल बघायला काढलाय. सोबत सत्तरी ओलांडलेले आईबाबा. सहाही पूल होतील की दोन-तीन बघून परत फिरावं? बाबांचा एक प्रश्न: लाकडी पुलावर छप्पर कशाला? ‘पावसात लोकांना आडोसा’ हे उत्तर त्यांना पटत नाहीये.

वाटाड्या
सहाही होतात, फक्त क्रम चुकवू नका. आय-३५ महामार्गाने दक्षिणेला जाऊन आधी सेंट चार्ल्स गावातला आइम्स पूल (१८७०, ८१ फूट). तिथून पश्चिमेला हॉलिवेल: १८८० चा, १२२ फूट, सहांत सर्वांत लांब आणि मूळ जागेवरच. मग विंटरसेट गाव. चौकात चुनखडीच्या दगडातलं १८७६ चं कोर्ट, गावातच हॉलिवूडचा नट जॉन वेन याचं जन्मघर, सिटी पार्कात कटलर-डोनाहो पूल. पार्कातला क्लार्क टॉवर (१९२६) जेमतेम २५ फुटी, गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच बघा. दुपारी रोझमन (१८८३), मग हॉगबॅक (१८८४), परतताना सीडर. वेळ कमी पडला तर आइम्स गाळा, हॉलिवेल नको. ‘द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी’ या सिनेमामुळे गर्दी रोझमनला होते.

रस्ते बरेचसे खडीचे. चढाच्या माथ्यावर उजवी बाजू सोडू नका, समोरची गाडी दिसत नाही. ‘लेव्हल बी’ अशी पाटी दिसली तर वळा: तो निव्वळ मातीचा, जेमतेम देखभालीचा रस्ता, पावसानंतर गाडी रुततेच. फोनवरचा नकाशा जवळचा म्हणून बिनदिक्कत तिकडेच धाडतो.

तुळई-खण
बाबांना पटत नाही ते बरोबरच आहे. छप्पर लाकडासाठी आहे, माणसांसाठी नाही. जाड फळ्या आणि तुळया महाग, बाजूच्या पातळ फळ्या आणि छप्पर स्वस्त. स्वस्त ते ऊनपावसात झिजू द्यायचं, दर काही वर्षांनी बदलायचं, महागडं आत कोरडं ठेवायचं. आपल्या वाड्याच्या छपराची पुढे काढलेली वळचण भिंतीसाठी हेच करते.

आत गेल्यावर फोटोआधी बाजूला बघा. रोझमन, हॉगबॅक, हॉलिवेल या बेंटन जोन्स नावाच्या कारागिराने बांधलेल्या पुलांत तिरप्या फळ्यांची जाळी दिसेल, फळ्या एकमेकींवर ठेवून लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या. भार एका अजस्र तुळईवर न येता शेकडो सांध्यांत वाटला जातो, म्हणून साध्या फळ्यांतून शंभर फूट गाठता येतात. दुखणंही तिथलंच: तिरप्या फळीवरून ओघळलेलं पाणी खालच्या आडव्या थरांच्या फटीत मुरतं. सर्वांत आधी कुजतं ते दगडी ठेप्यावर (काठच्या आधारावर) टेकलेलं टोक, कारण तिथे माती साचते आणि वारा लागत नाही. वाड्यातली तुळईसुद्धा भिंतीत गाडलेल्या टोकाशीच जाते. घरी आपण तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघतो, इथे तसलं काही करू नका. ओलसर काळा डाग आणि भुसा दिसला की समजायचं.

छपरंही बघा. जोन्सची जवळजवळ सपाट, कटलर-डोनाहो आणि आइम्सची उतरती.

मुठाकाठ
एक खुलासा. सीडरला ‘१८८३ चा’ म्हणून जाऊ नका. मूळ पूल २००२ मध्ये जाळला गेला, २००४ चा नवा २०१७ मध्ये पुन्हा जाळला, आत्ताचा २०१९ चा. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला तेव्हा जोतं आणि तट तरी उरला. लाकडी पुलाचे फक्त ठेपे राहतात. तरी बघाच: नवं लाकूड असल्यामुळे जाळीचे सांधे तिथे सर्वांत स्पष्ट दिसतात.

आणखी एक, कटलर-डोनाहो १९७० मध्ये पार्कात हलवलाय, आइम्स तर दोनदा हललाय. खाली नदी का नाही, असं बाबा विचारणारच.

रानवारा, कोथरूड
विचारलंच! ऑक्टोबरात नेलं तर पानांचे रंग मिळतील का?

वाटाड्या
मिळतील, पण दुसऱ्या शनिवार-रविवारी पुलांची जत्रा असते, विंटरसेटच्या चौकात गाडी लावायला जागा नसते. तो आठवडा सोडून कुठलाही मंगळवार-बुधवार धरा.