सहा जणांना आठ तास एका टेबलाशी कसं बसवायचं? (इंदूर)

पोहेवाली

मंडळी, ‘ट्वायलाइट इम्पेरियम’ या अंतराळ साम्राज्यांच्या दिवसभर चालणाऱ्या बोर्डगेमची चौथी आवृत्ती घरात आली आहे. भावाने पुण्याहून येताना आणली. खोका बघून आईने विचारलं, “मिक्सर आणलास का?”

आम्ही सहा जण: मी, मावसभाऊ आणि वहिनी, ऑफिसातल्या दोघी आणि वरच्या मजल्यावरचे सीए काका. कॅटान आणि तिकीट टू राइड हे सोपे बोर्डगेम सगळ्यांना येतात, त्यामुळे अगदीच कोरी पाटी नाही. पण याचे नियम सांगायला लागले की अर्ध्या तासात एक जण फोन बघतो, दुसरी चहा टाकायला उठते.

आणि तारीख! सप्टेंबरभर सीए काकांचं ऑडिट. भावाला एकाआड एक शनिवार ड्यूटी. वहिनींचं सानंदचं (इथली नाटकं आणणारी मराठी संस्था) नाटक असलं की तो दिवस गेलाच. व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकला तर सहा जणांनी सहा वेगवेगळे दिवस निवडले. रात्री उशिरापर्यंत आरडाओरडा घरी चालणार नाही, बाबा दहाला झोपतात. कोणी असा मोठा डाव प्रत्यक्षात लावलाय का? कसा?

फासेबहाद्दर

कशाला एवढा व्याप? टेराफॉर्मिंग मार्स घ्या, दोन-तीन तासांत मोकळे.

पोहेवाली

त्यात पाचच जण बसतात. सहावं कोण गाळू? सीए काकांना गाळलं तर आमचे रिटर्न कोण भरेल?

स्नेहलतागंजवाला

ताई, ‘कधी जमेल?’ असं विचारलंत की डाव मेलाच म्हणून समजा. तारीख तुम्ही ठरवायची, तीन आठवडे आधी, आणि सांगून टाकायचं: “या रविवारी डाव आहे, येणारे कळवा.” खेळ तीन ते सहा जणांचा आहे, त्यामुळे दोघं गळाले तरी काही अडत नाही. उलट पहिल्या खेपेला चौघंच बरे. खोक्यावर चार ते आठ तास लिहिलंय ते खरं आहे, आणि सहा नवखे बसले तर आठही पुरणार नाहीत.

सकाळी दहाला सुरू करा, पोहे-जिलेबी उरकून. लोक संध्याकाळी सहाला का बसतात ते मला आजवर कळलेलं नाही. आपल्या इंदुरात रात्री नऊनंतर निम्म्या मंडळींचं चित्त सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत असतं, मग टेबलावर आकाशगंगा असो की आणखी काही. रंगपंचमीच्या आसपासचा रविवारही सोडा. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, झाल्यावर दोन दिवस कोणी माणसात नसतं.

आता शिकवण्याचं. मी कोचिंग क्लास घेतो, त्यामुळे यावर जरा हट्टाने बोलतो. पुस्तक पहिल्या पानापासून वाचून दाखवू नका. खोक्यात दोन पुस्तिका आहेत. एक शिकण्यासाठी आहे, ती तुम्ही एकटीने वाचा. दुसरी संदर्भाची, ती वाद झाला तरच उघडायची.

सुरुवात शेवटाकडून करा: जो आधी १० गुण करेल तो जिंकला. गुण येतात मुख्यतः उद्दिष्टांच्या पत्त्यांवरून. दोन पत्ते पहिल्यापासून उघडे असतात, ते सगळ्यांना हातात घेऊन वाचू द्या. हे आधी सांगितलं नाही तर नवखा माणूस प्लास्टिकची जहाजं बघून चेकाळतो, दिवसभर लढाया मारतो आणि शेवटून पहिला येतो.

मग फेरीची रचना. टप्पे चार आहेत, पण तुम्ही तीनच सांगा. चौथा, ठरावांवर मतदानाचा, मेकाटोल रेक्स हा मधला ग्रह कोणीतरी ६ इन्फ्लुएन्स (ग्रहांकडून मिळणारा प्रभाव) मोजून घेईपर्यंत सुरूच होत नाही. तोवर तो विषयच काढू नका.

गाडी खरी अडते कमांड टोकनांपाशी, म्हणजे हुकूम सोडायच्या चकत्यांपाशी. तोंडी सांगून उपयोग नाही. पटाच्या एका षटकोनी घरात दोन जहाजं ठेवा, शेजारच्या षटकोनावर टोकन टाका, जहाजं त्यात सरकवा. मग विचारा, “आता याच फेरीत हीच जहाजं आणखी पुढे नेता येतील का?” सगळे हो म्हणतील. नाही! जिथे तुमचं टोकन पडलं तिथून त्या फेरीत तुमचं जहाज बाहेर पडत नाही. हे एकदा डोक्यात शिरलं की निम्मा खेळ आला. मग सुरुवातीची टोकनं प्रत्येकाच्या तीन खात्यांत वाटा: ३ डावपेचांना, ३ ताफ्याला, २ स्ट्रॅटेजीला. बाकीचं खेळता खेळता येतं.

मूळ खोक्यात खेळाडूंनी घ्यायच्या १७ जमाती आहेत, त्या चाळत बसू देऊ नका, तास जातो. सोपी निवडून तुम्हीच हातात द्या. फेडरेशन ऑफ सोल चांगली. नेक्रो व्हायरस मुळीच नको. त्यांना मत देता येत नाही, तंत्रज्ञानही नेहमीच्या वाटेने मिळत नाही. नवख्याला वाटतं आपल्यालाच सगळं बंद.

आणि शिकवणाऱ्याने त्या दिवशी जिंकायचं नाही. शिकवणारी व्यक्तीच जिंकली तर पुढच्या वेळी कोणी येत नाही, हे लिहून घ्या.

सुदामानगरची शमा

दादांचं बाकी पटलं, पण एका दिवसात संपवायचा अट्टहास कशाला? आम्ही दोन रविवारांत विभागतो. फक्त फेरी संपल्यावरच थांबायचं. तेव्हा पटावरची टोकनं परत घेतलेली असतात, वापरलेले पत्ते पुन्हा उघडे झालेले असतात, त्यामुळे लक्षात ठेवायला कमी राहतं. वरून दोन फोटो, प्रत्येकाचं सामान वेगळ्या पिशवीत, झालं. मधेच थांबलात तर मात्र पुढच्या रविवारी निम्मा वेळ “माझं टोकन इथे होतं” यातच जाईल.

मे महिन्यात खेळू नका. पंखा लावला की पत्ते उडतात, बंद केला की माणसं.

अवांतर: आमच्याकडे हल्ली ‘जॉन कंपनी’चं वेड आहे, २०२२ची दुसरी आवृत्ती. खेळाडू म्हणजे इंग्लंडमधली घराणी, ईस्ट इंडिया कंपनीतल्या खुर्च्यांसाठी भांडणारी. पटावर ‘मराठा’ असा एक प्रांतच आहे. होळकरांवर तासभर बोलू शकणाऱ्या आमच्या मामांनी पहिली स्वारी तिथेच काढली! त्यात लहान डावही आहेत, त्यामुळे दुपारच्या जेवणानंतर बसलो तरी जमतं.

पोहेवाली

धन्यवाद! दोन रविवारांचं जमणार नाही, आमच्याकडे डायनिंग टेबल एकच आहे आणि आईला ते संध्याकाळी हवं असतं. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार जाहीर करून टाकला. चार जण हो म्हणाले, वहिनी ‘बघते’ म्हणाल्या, म्हणजे नाही. खाण्याचं काय ठेवता? सेव खाल्लेले हात पत्त्यांना लागतील.

स्नेहलतागंजवाला

सेव टेबलावर आणायचीच नाही. साबुदाण्याची खिचडी, चमच्याने, दुसऱ्या खोलीत. दीडला अर्धा तास सुट्टी, आणि जेवताना तह-करार करायला पूर्ण मुभा.

पोहेवाली

ठरलं. सीए काकांनी हाकान जमात आत्ताच मागून ठेवली आहे. शेजारी नसलेल्यांशीही व्यवहार करता येतो हे मी चुकून बोलून गेले.