मदत हवी आहे: कार्ट्रिजमधला सेल बदलायचाय, सेव्ह न घालवता

उत्तररात्र: गेम बॉयच्या (हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम) कार्ट्रिजमधला सेल मरायला टेकलाय. बदलायचाय, पण सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, जाता कामा नये, ते भावाचं आहे. रविवारी तो परत न्यू जर्सीला चाललाय. मागच्या स्क्रूला कुठलाच पेचकस बसत नाही. लवकर सांगा.

बोरकूट: गेम कुठला ते कोण सांगणार? पोकेमॉनचं रूबी, सफायर, एमराल्ड असेल तर सेल फक्त गेममधल्या घड्याळापुरता. सेव्ह फ्लॅश मेमरीत असतं, तिला सेल लागत नाही, बिनधास्त काढ. गोल्ड-सिल्व्हर असेल तर सेव्ह सेलवर चालणाऱ्या रॅममध्ये, सेल निघाला की गेलं.

निवांत: मोबाइलवर इम्युलेटर (जुने गेम चालवणारं ॲप) टाक की. हाय काय नि नाय काय.

बोरकूट: @निवांत, आणि भावाचं सेव्ह हवेतून येणार का?

उत्तररात्र: गोल्डच आहे, अमेरिकेतलं. घरात सीआर२०३२ बटण सेल पडलाय, सेलोटेपने लावू का?

टांकसाळ: टेप नको, सुटते. त्यात सीआर२०२५ येतो, सोल्डर करायच्या पट्ट्या जोडलेलाच घे. साध्या सेलला सोल्डरिंग आयर्न टेकवलंस तर तापून फुटेल. स्क्रूला ३.८ मिमीचा गेमबिट, म्हणजे खास पेचकस, लागतो.

वऱ्हाडी_ठेचा: मी २०३२च टाकलाय, मस्त चालतो. दोन्ही ३ व्होल्टचे. उगा घाबरवू नका पोराला.

टांकसाळ: २०३२ ३.२ मिमी जाड, २०२५ अडीच. झाकण फुगतं.

वऱ्हाडी_ठेचा: माझं नाही फुगलं. आणि सेव्हचं म्हणाल तर गेम बॉय चालू ठेवूनच सेल बदलायचा, रॅमला तिकडून करंट मिळतो.

टांकसाळ: आणि हात हलला तर? शॉर्ट होऊन सगळं साफ. आधी कार्ट्रिज रीडरने (कार्ट्रिज कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवायचं, मग सेल.

नाना_६२: आमच्या टीव्ही गेमची पिवळी कॅसेट फुंकर मारली की चालायची. मारून बघितलीस का?

बोरकूट: नाना, फुंकरीतल्या ओलीने पिना गंजतात. पण @उत्तररात्र, सेल मरतोय हे कशावरून?

उत्तररात्र: काल सेव्ह दिसेना, फक्त न्यू गेम. काढून परत लावलं तर आलं.

बोरकूट: अरे मग! सेलने मान टाकली असती तर सेव्ह परत आलंच नसतं. पिना मळल्यात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. आणि न्यू गेम दिसलं तर चुकूनही त्यावर सेव्ह करू नकोस.

उत्तररात्र: पुसलं. काडी काळीकुट्ट. तीनदा बंद-चालू केलं, सेव्ह दिसतंय.

टांकसाळ: तरी सेल पंचवीस वर्षांचा आहे, बदलावा लागणारच. दुसरं कार्ट्रिज आणि दोन गेम बॉय जोडणारी लिंक केबल असेल तर महत्त्वाचे पोकेमॉन आजच तिकडे ट्रेड करून ठेव.

उत्तररात्र: केबल नाही. पुण्यात कुणाकडे रीडर आहे का?

वऱ्हाडी_ठेचा: पुण्यात कुठे?