शब्दचर्चा : विलीनीकरण, पुनरेकात्मीकरण की सांधणी?

मुद्रितशोधक :
रिकार्दो कारबाल्यो कालेरो (1910–1990) यांच्यावर लेख लिहिते आहे. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गालिसियाचे हे भाषापंडित. 1931 साली स्थापन झालेल्या गालिसियावादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले, तुरुंगात गेले, सुटल्यावर सरकारी शाळांची दारं बंद. तरी 1972 मध्ये सान्तियागो विद्यापीठात गालिसियन भाषा आणि साहित्याचे पहिले प्राध्यापक झाले. मध्ययुगात गालिसियन आणि पोर्तुगीज एकच भाषा होती. तेव्हा गालिसियनने लेखनाचं स्पॅनिश वळण सोडून पुन्हा पोर्तुगीजशी नातं जोडावं, हा त्यांचा उत्तरायुष्यातला आग्रह. मी या भूमिकेला 'विलीनीकरणवाद' म्हटलं. संपादक गोव्याचे, त्यांनी शब्द खोडला, कारण लिहिलं नाही. दुसरा शब्द सुचवा.

खाडीकाठ :
कारण मी सांगतो. 1967 च्या जनमत कौलात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. त्या पिढीच्या गोवेकरासमोर हा शब्द काढला की मतपेटी आठवते. आणि ते सोडलं तरी शब्द चुकतोच. मीठ पाण्यात विलीन होतं, मागे खडा राहत नाही. कारबाल्योंना गालिसियनचं असं काही व्हायला नको होतं.

तळटीप :
त्यांच्या विरोधकांना मात्र तीच भीती होती ना? 'आधी स्पॅनिशने गिळलं, आता पोर्तुगीज गिळेल' ही.

खाडीकाठ :
भीती विरोधकांची होती, शब्द विरोधकांचा कशाला घ्यायचा? कारबाल्योंच्या आडनावाकडेच बघा. आधी ते 'कारबाल्यो' स्पॅनिश पद्धतीने, बी आणि दोन एल घालून लिहीत. पुढे पोर्तुगीज पद्धतीने व्ही आणि एल-एच घालून लिहू लागले. गालिसियन माणूस दोन्हींचा उच्चार सारखाच करतो. एकही ध्वनी हलला नाही, कागदावरचं कुळ बदललं. याला विलीन होणं कसं म्हणणार?

शुद्धमराठी :
'पुनरेकात्मीकरण'. या भूमिकेची मूळ संज्ञा 'रेइन्तेग्रासिओन'; तिच्यातले तिन्ही घटक (पुन्हा, एकात्म, करणं) यात येतात. पारिभाषिक शब्द अचूकच हवा.

पानसुपारी :
असला शब्द वाचक डोळ्यांनी ओलांडून पुढे जातो. 'सांधणी' म्हणा. तुटलेलं होतं, सांधलं. 'सांधणीवादी' कुणालाही कळेल.

शुद्धमराठी :
सांधणी सुताराची. भाषाशास्त्रात तिला अर्थच नाही. उद्या 'जोडाजोड' म्हणाल.

पानसुपारी :
संधी शिकवताना 'सांधणे' चालतं, इथे का नको? सुताराकडून शब्द घेतल्याने भाषाशास्त्र बाटत नाही. संस्कृतातून घडवलेलं तेवढं शास्त्रीय, हा हट्ट सोडला पाहिजे. ज्या माणसाबद्दल आपण बोलतोय त्याच्या भाषेला पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्या-कोळ्यांची बोली म्हणून हिणवलं गेलं.

तळटीप :
याच लेखात दुसरा खड्डा येणार आहे, आत्ताच सांगते. गालिसियाच्या 1983 च्या कायद्याच्या नावात भाषेचं 'नोर्मालिसासिओन' आहे. त्याला 'प्रमाणीकरण' म्हणू नका. लेखनाचे नियम ठरवणं वेगळं. हा कायदा शाळा, कचेऱ्या, प्रसारमाध्यमं यांत भाषा नेहमीची व्हावी म्हणून आहे. मी 'रुळवणे' वापरते. नियमांचं भांडण निराळं : कारबाल्यो ज्या समितीचे अध्यक्ष होते तिचे नियम 1980 मध्ये आले, आणि 1982 मध्ये गालिसियाच्या सरकारने ते बाजूला ठेवून गालिसियन अकादमी आणि विद्यापीठाच्या भाषासंस्थेचे नियम घेतले. कारबाल्यो स्वतः 1958 पासून त्याच अकादमीचे सदस्य. पुढे 2020 चा गालिसियन साहित्यदिन अकादमीने त्यांच्या नावे केला, तोही तिच्याच लेखननियमांत. लेखात हे यायलाच हवं.

कुडाळचा :
विषय निघालाच आहे तर, आपली 'चावी' पोर्तुगीज म्हणतात. पण आजचा लिस्बनचा माणूस 'शाव' म्हणतो. मला वाटतं आपला 'च' गालिसियन खलाशांनी आणला. ते अजून 'चाबे' म्हणतात, आणि आपल्याकडे 'चाबी'ही चालतं!

खाडीकाठ :
खलाशी आणायची गरज नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजही 'च'च म्हणत; त्याचा 'श' नंतर झाला. गोव्यात शब्द आला तो जुन्या उच्चारासकट. गालिसियाने तो उच्चार टिकवला, उत्तर पोर्तुगालच्या काही भागांनीही. स्पॅनिशमध्ये मात्र 'ल्यावे'. हाच तर कारबाल्योंचा मुद्दा : कोण कोणाच्या घरातलं, ते अशा शब्दांवरून कळतं.

कुडाळचा :
मग 'जनेल'? कोकणीत खिडकीला जनेल. पोर्तुगीज 'झानेला', गालिसियन 'शानेला'. इथे गालिसियानेच उच्चार बदललाय की! गालिसियातल्या लुगोच्या शाळेतल्या पोराने 'श' म्हणायचं आणि पोर्तुगीजसारखं 'जे' (j) हे अक्षर लिहायचं, हा जुलूम नाही?

पानसुपारी :
हे मला पटतं. लेखन उच्चाराजवळच हवं. पोरांनी इतिहासाची ओझी का वाहायची?

शुद्धमराठी :
मग 'भाषा'तला ष काढा. कोण मूर्धन्य ष म्हणतं आज? 'जेवण' आणि 'जहाज' यांत ज वेगळा, अक्षर एकच. आपली पोरं शिकतातच ना? लेखन फक्त उच्चारासाठी नसतं, नातं दाखवण्यासाठीही असतं. इथे मी पूर्णपणे कारबाल्योंच्या बाजूचा.

पानसुपारी :
शिकतात, आणि ऱ्हस्व-दीर्घात नापासही होतात. गावातल्या शाळेत शिकवते, रोज बघते. बोलतात उत्तम, वही लाल.

शुद्धमराठी :
तो दोष शिकवण्याचा, ष चा नाही.

पानसुपारी :
तीस-पस्तीस पोरांच्या वर्गात उभं राहून हे म्हणून दाखवा.

मुद्रितशोधक :
लेख परवा द्यायचा आहे. सध्या 'सांधणी' लिहिते. 'नियमांचा वाद' या परिच्छेदात ष चं उदाहरण वापरू का, शुद्धमराठी?

शुद्धमराठी :
वापरा. पण 'सांधणी'ला माझा विरोध आहे, तो कायम.