पैऱ्यातही हिशेब असतोच

एकांनी लिहिलंय की पैरा, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीनं कामाला जायची रीत, हा निव्वळ शेजारधर्म, त्यात हिशेब नसायचा. हिशेब होता हो, वही नव्हती एवढंच! आज तुम्ही आमच्या भांगलणीला दोन माणसं दिलीत, की तुमच्या रानात आमची दोन यायलाच हवीत. घरात कुणी आजारी पडलं तर आई पदरच्या पैशांनी रोजगारी बाई लावायची, पण पैरा फेडायची. नाहीतर पुढच्या सुगीला बांधावरून कुणी हाकही मारत नसे.

इर्जिक वेगळी. दहा-बारा औतं एका दिवसात रान नांगरून देत, मालकानं फक्त जेवण घालायचं. ट्रॅक्टर आला नि ती गेली. भातलावणीचा पैरा मात्र आमच्याकडे बायकांनी अजून धरून ठेवलाय.