बसाल्ट एकच, नावं तीन : कातळ, धोंडा, चिरा

भाच्याला ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’चं वेड लागलंय. डोंगर पोखरून बुटक्यांची वस्ती वसवायची, असा संगणकावरचा खेळ. मे महिन्यात रत्नागिरीला आला आणि पडद्यावरची नावं मराठीत करून दे म्हणून मागे लागला. बसाल्ट, अँडेसाइट, डॅसाइट, ऱ्हायोलाइट ही खडकांची नावं तशीच ठेवली. हे खडक ज्या थरात मिळतात, त्याला ‘बहिर्निर्मित अग्निज’ (लाव्हा बाहेर येऊन थिजलेला) चालेल. अडलो पुढे. थरात आहे तो बसाल्ट, खणल्यावर सुटतो तोही बसाल्ट, तासून केलेला ठोकळाही बसाल्टच. सगळ्यालाच ‘दगड’ म्हणायचं? इथल्या ओळखीच्यांना विचारलं.

— कोकणात बसून हा प्रश्न पडावा? जागचा हलत नाही तो कातळ, सुटा तो धोंडा, घडवलेला तो चिरा. कातळावर आपण भात झोडतो, धोंड्याला ठेचकाळतो, चिरे नगावर मोजून घेतो.

— चिऱ्याला माझी हरकत. चिरा जांभ्याचा, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाचा. आमच्या घराचं जोतं काळवत्रीचं, म्हणजे बसाल्टचं, आणि भिंती चिऱ्याच्या. जोत्याच्या दगडाला चिरा म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. खाणीतून नुकता निघालेला जांभा मऊ असतो, तासता येतो, वारं लागलं की कडक होतो. काळवत्रीला हे लाड नाहीत, ती छिन्नीच मोडते.

— मग घाटावरचे चिरेबंदी वाडे कशाचे? काळ्या दगडाचेच ना? चिरा म्हणजे घडीव दगड, जात कुठलीही असो. आपल्याकडे जांभा उदंड, म्हणून शब्द त्याला चिकटला. आणि जांभा तरी कुठून आला? बराचसा याच बसाल्टची झीज होऊन.

मान्य. चिराच ठेवतो. मॅग्माला, म्हणजे वितळलेल्या खडकाला, ‘शिलारस’ केलंय. त्यावर पाणी सोडलं की खेळात ऑब्सिडियन होतो, त्याला ‘ज्वालामुखी काच’. व्हेनला, म्हणजे खडकातल्या खनिजाच्या पट्ट्याला, ‘शीर’; ओअरला, म्हणजे ज्यातून धातू काढतात त्या खनिजाला, ‘धातुक’.

— धातुक जपून वापरा. दापोली-मंडणगडकडे जांभ्यात बॉक्साइट सापडतं, ते ॲल्युमिनियमचं धातुक, हे आपल्याला शाळेपासून पाठ. खेळात मात्र ॲल्युमिनियम ज्वालामुखी खडकात शुद्ध धातू म्हणूनच मिळतं, आणि बॉक्साइट हा शिलारसात न वितळणारा नुसता खडक. त्यातून धातू निघतच नाही. तिथे ‘दगड’च लिहा.