मदत हवी आहे : सॉ मिलमधील फोर्कलिफ्ट चालकांचे प्रशिक्षण

कोल्हापुरात आमची सॉ मिल असून ओंडके व फळ्या हलवण्यासाठी ३ टनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे. तिच्या चारही चालकांना विक्रेत्याच्या माणसाने एक दिवस शिकवले. सीटचा पट्टा लावणे, बोजा उचलणारे पुढचे काटे जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवणे, उतारावर बोजा चढाच्या बाजूला राखणे, एवढे ते नीट पाळतात.

अडचण ओल्या लाकडाची आहे. गाडीवरच्या पाटीवर उचलण्याची क्षमता ५०० मिलिमीटर भारकेंद्राला (म्हणजे बोज्याचा मध्य काट्यांच्या मुळापासून तेवढ्या अंतरावर) धरून दिलेली असते, पण नुकताच तोडलेला ओंडका सुक्यापेक्षा किती जड भरेल, हे नजरेला कळत नाही. गेल्या आठवड्यात बाभळीचे ओंडके उचलताना मागची चाके चार बोटे वर आली. सुदैवाने जवळ कोणी नव्हते. टायर आणि हायड्रॉलिक तपासून घेतले, त्यांत दोष नाही. वजनकाटा सध्या परवडणार नाही, आणि दोघांना वाचता येत नसल्याने नुसते तक्ते टांगून भागणार नाही.

ओंडक्याचा घेर व लांबी पाहून वजन ओळखण्याची, रंगखुणांसारखी एखादी पद्धत कोणी वापरली आहे का, आणि नवख्याला एकट्याने चालवू देण्यापूर्वी मोकळ्या आवारात किती दिवस सराव करून घेता?